दारातली वाट आणि मोठ्या फरश्या
(शेतकरी प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



रस्त्यापासून दारापर्यंतची वाट आणि घरापुढची मोकळी जागा फरसबंद कशी करावी, यावर आज बोलायचे आहे. कृषी विद्यापीठाच्या वर्गात हा विषय थोडा परका वाटेल. पण ज्या जागेतून दुधाच्या किटल्या जातात, खताची पोती उतरतात, जिथे ट्रेलर उभा राहतो आणि म्हैस धारेला बांधली जाते, ती जागा शेतीच्याच कामाची आहे. उसाचे बिल हाती पडले की त्यातली बरीच रक्कम अलीकडे याच कामावर खर्च होते. एका पावसाळ्यात ती रक्कम चिखलात जाऊ नये, एवढ्यासाठी हा विषय घेतला आहे.

पूर्वी आपल्याकडे शेणाने सारवलेले अंगण असे. वाड्याच्या चौकात काळ्या दगडाच्या लाद्या असत आणि ज्याला परवडे तो शहाबादी फरशी आणी. पुढे सिमेंटचे छोटे पेव्हिंग ब्लॉक आले. आता ओढा मोठ्या फरश्यांकडे आहे. दोन फूट बाय दोन फूट, कधी त्याहूनही मोठी, गुळगुळीत किंवा दगडासारखी दिसणारी सिमेंटची फरशी. सांधे कमी, दिसायला प्रशस्त. शहरातल्या बंगल्यापुढे ती छान दिसते यात शंका नाही. पण त्या बंगल्यात मोटार येते. आपल्या दारात ट्रॅक्टर येतो आणि त्याच्यामागे भरलेला ट्रेलर येतो. आठ-दहा टन माल असलेल्या चार चाकी ट्रेलरच्या एकेका चाकावर दोन-अडीच टन भार सहज पडतो. मोटारीच्या चाकावर तो तीन-चारशे किलोच्या घरात असतो. हा फरक विसरून फरशी निवडली की पहिल्या हंगामातच तडे दिसतात, आणि मग दोष मिस्त्रीला मिळतो.

मोठी फरशी का मोडते?

उसाचे उदाहरण घ्या. अख्खा ऊस गुडघ्यावर धरून सहज मोडता येतो. त्याच उसाची एक डोळ्याची टिपरी मात्र दोन्ही हातांनी जोर लावला तरी मोडत नाही. ऊस तोच, जाडी तीच, फक्त लांबी कमी झाली. काँक्रीटचे तसेच आहे. काँक्रीट दाबाला भक्कम आणि वाकण्याला कच्चे असते. दाबाखाली ते जेवढा ताण सोसते, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर ते वाकताना तुटते. छोटा ब्लॉक चाकाखाली वाकत नाही. तो फक्त खाली दाबला जातो आणि सांध्यातील वाळूमुळे शेजारच्या ब्लॉकला भार वाटून देतो. मोठ्या फरशीखाली कुठे ना कुठे पोकळी राहतेच. चाक एका कडेवर आले की दुसरी कड उचलते, मधोमध ताण येतो आणि फरशी दुभंगते.

म्हणून जिथून चाक जाणार तिथे एक आडाखा ठेवावा. फरशीची लांबी तिच्या जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त नसावी. ८० मिलिमीटर जाडीला ३२० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक फूट लांबी झाली. बाजारात मिळणारी ६०० बाय ६०० मिलिमीटरची, ६० मिलिमीटर जाड फरशी या हिशेबाने दसपट लांब आहे. ती पायवाटेला चालेल. भरलेल्या ट्रेलरला ती चालणार नाही, मग विकणारा काहीही सांगो. जाडी वाढवल्याने फायदा मोठा होतो, कारण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या वर्गाने वाढतो. साठऐवजी ऐंशी मिलिमीटर घेतली तर तो विरोध पावणेदोन पट होतो. पण त्याच मापाची ८० मिलिमीटरची फरशी सुमारे ७० किलो भरते. ती दोन माणसांनी कमरेतून वाकून दिवसभर बसवायची म्हणजे काय, हे बसवणाऱ्याला विचारावे. शिवाय एवढी जाडी घेऊनही ती लांबीच्या आडाख्याबाहेरच राहते.

पंचगंगेच्या घाटावरचे दगड मोठे आहेत, ते कसे टिकले, असे कोणी विचारील. ते दगड रुंद आहेत तसे जाडही आहेत, आणि त्यांच्यावरून ट्रेलर जात नाही.

सिमेंटच्या छोट्या ब्लॉकचा प्रसार कुठून झाला हे सांगण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडमध्ये रस्त्याच्या विटांची टंचाई पडली, तेव्हा तिथे विटेच्या आकाराचे काँक्रीटचे ब्लॉक वापरात आले. त्या देशाची बरीच जमीन मऊ, ओली आणि समुद्रसपाटीच्या आसपासची आहे, आणि रस्ते खचतात. ब्लॉकचा रस्ता खचला तर ब्लॉक उचलायचे, खालची भर पुरी करायची आणि तेच ब्लॉक परत मांडायचे. आपल्या काळ्या रानात नेमका हाच गुण कामाला येतो.

जमीन पाहून पाया

कोल्हापूर जिल्ह्यात एकच माप सगळीकडे लावता येत नाही. गगनबावड्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि खाली जांभा. शिरोळकडे पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर आणि नदीकाठाला खोल काळी जमीन. पश्चिमेला जमीन घट्ट पण पाणी फार. पूर्वेला पाणी कमी पण जमीनच हालती. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, हे तुम्हांला मी सांगायला नको. उन्हाळ्यात भेगेत कुदळीचा दांडा जातो अशा जमिनीवर फरशी मांडली, तर पावसाळ्यात ती जागच्या जागी राहील अशी अपेक्षा धरू नये.

अशा जमिनीत दीड फूट खोदाई धरावी. त्यात खाली ८ इंच मुरूम, त्यावर ६ इंच खडी आणि भुकटीचे मिश्रण, त्यावर सव्वा इंच वाळू आणि वर ८० मिलिमीटरचा ब्लॉक. पश्चिम भागात घट्ट जांभा किंवा कठीण मुरूम लागला तर मुरमाचा थर निम्म्यावर आणता येतो, पण खडीचा थर कमी करू नये. पुष्कळजण ब्लॉक महागातले घेतात आणि पायावर काटकसर करतात. माझ्या मते हे उलट करावे. ब्लॉक साधा घेतला तरी चालेल, पाया कमी केलेला चालत नाही.

तीस फूट लांब आणि बारा फूट रुंद वाट धरली, तर क्षेत्र ३६० चौरस फूट होते. दीड फुटाने ५४० घनफूट, म्हणजे ५.४ ब्रास माती निघेल. ती मोकळी होऊन फुगते, त्यामुळे प्रत्यक्षात सात ब्रास वाहतूक धरा. ही माती ओढ्यात टाकू नका. वरचा दगडगोट्याचा थर वेगळा काढून बाकीची माती हलक्या, उथळ रानात पसरली तर तिथे कामाला येते. मात्र त्या मातीत लव्हाळ्याच्या गाठी आणि हराळीच्या काशा असतील तर ती रानात नेऊ नये, नाहीतर दारातले तण आपण स्वतःच शेतात पेरल्यासारखे होईल. खड्ड्याच्या तळाशी राहिलेल्या गाठीही वेचून काढाव्यात. लव्हाळा वाळूच्या सांध्यातून वर येतो, हे ज्यांच्या दारात ब्लॉक आहेत त्यांना ठाऊक आहे.

दाबून बसल्यावर ८ इंच भरेल असा मुरूम घ्यायचा तर मोकळा तीन ब्रासच्या थोडा वर लागतो, खडी सव्वादोन-अडीच ब्रास आणि वाळू अर्धा ब्रास. मुरूम निवडताना मूठभर भिजवून तळहातावर वळून पाहा. त्याची शेवयांसारखी बारीक दोरी वळली गेली तर त्यात चिकणमाती जास्त आहे, तो पायाला घेऊ नये.

आता वेळ. गळीत हंगाम संपला की ट्रॅक्टर आणि पैसा दोन्ही मोकळे होतात, म्हणून ही कामे एप्रिल-मेमध्ये निघतात. काळी जमीन तेव्हा सर्वांत कोरडी, आक्रसलेली असते. तशीच दाबून वर पाया घातला तर जूनमध्ये ती फुगून सगळे वर उचलते. शक्य असेल तर डिसेंबर-जानेवारीत खोदाई करावी. उन्हाळ्यातच करायची तर खड्ड्याच्या तळाला पाणी द्यावे, ते मुरू द्यावे आणि वाफसा आल्यावर दाबणी करावी. वाफसा हा शब्द मी मुद्दाम वापरतो. रस्त्याचे अभियंते दाबणीसाठी योग्य ओलावा प्रयोगशाळेत काढतात, तो बराचसा आपल्या वाफशाजवळच येतो. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, कमरेइतक्या उंचीवरून सोडला की फुटावा आणि हाताला चिखल लागू नये. मुरूमही असाच ओलवून, चार-चार इंचांचे थर करून दाबावा. आठ इंच एकदम टाकून वरून रोलर फिरवला तर वरचे चार इंच बसतात आणि खालचे भुसभुशीतच राहतात.

रोलर मिळत नसेल तर भरलेला ट्रेलर पुढेमागे फिरवा, दर वेळी चाकोरी थोडी सरकवून. कडा मात्र धुम्मसाने किंवा प्लेट व्हायब्रेटरनेच दाबाव्या लागतील. ज्यांना घाई नाही त्यांना माझा आग्रहाचा सल्ला असा की या वर्षी मुरूम आणि खडी घालून थांबा. एक पावसाळा आणि एक गळीत हंगाम त्यावरून वाहने जाऊ द्या. जिथे खड्डा पडेल तिथे पाया कच्चा आहे हे फुकटात कळते. तो भरून घ्या आणि पुढच्या वर्षी ब्लॉक मांडा. लग्नकार्य तोंडावर असलेल्या घरी हा सल्ला कोणी ऐकत नाही, पण ज्याने ऐकला त्याचे अंगण सपाट राहते.

नदीकाठच्या चिकण जमिनीत खड्ड्याच्या तळाशी न विणलेले जाड छिद्रयुक्त कापड अंथरावे. क्षारपड जमिनीतल्या भूमिगत चरांच्या सच्छिद्र पाइपला असले गाळणीचे कापड गुंडाळतात, शिरोळ तालुक्यात ते अनेकांनी पाहिले असेल. पाणी जाते आणि माती वर येत नाही. त्याऐवजी मल्चिंगचा कागद किंवा खताची रिकामी पोती अंथरण्याचा मोह होतो. कागद पाणी अडवतो आणि पोती फाटतात, दोन्ही टाळावीत.

उतार आणि कडा

उतार पन्नासास एक ठेवावा. बारा फूट रुंदीला तो तीन इंच येतो. पाण्याची नळी लावून खुंट्या ठोका, नजरेवर जाऊ नका. उतार घराच्या पायाकडे नको आणि गोठ्याकडेही नको. ३६० चौरस फुटांवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेतीन हजार लिटरच्या आसपास पाणी जमते. घराच्या छपराचे पाणी त्यात आले तर आणखी वाढते. ते जायचे कुठे हे आधी ठरवावे: परसबागेत, शोषखड्ड्यात किंवा चरात. जिथे भूजल वर असते आणि पावसाळ्यात शोषखड्डाच भरलेला राहतो, तिथे उघडा चर बरा.

कडेचे बांधकाम हा या कामाचा कणा आहे आणि तेच बहुधा वगळले जाते. ब्लॉकला धरून ठेवणारी कड नसेल तर ट्रेलर वळताना बाहेरची ओळ सरकते, सांधे उघडतात, वाळू वाहून जाते आणि मग आतल्या ओळी सैल होतात. चार इंच रुंद आणि फूटभर खोल काँक्रीटची कड दोन्ही बाजूंना घालावी. फाटकाजवळ, जिथे चाक जागच्या जागी वळते, तिथे ती सहा इंच रुंद करावी. कड आधी बांधा, दोन-तीन आठवडे पाणी मारून पक्की होऊ द्या आणि मग ब्लॉक मांडा.

निवड आणि मांडणी

भारतीय मानक १५६५८ प्रमाणे हलक्या रहदारीला ६० मिलिमीटर जाडीचा एम-३५ आणि मध्यम रहदारीला ८० मिलिमीटर जाडीचा एम-४० प्रतीचा ब्लॉक सुचवलेला आहे. ट्रेलर येणाऱ्या दाराला दुसराच घ्यावा. रबरी साच्यातला चकचकीत ब्लॉक दिसतो सुंदर, पण चकाकीवरून ताकद कळत नाही. कारखानदाराकडे दाबचाचणीचा अहवाल मागा. एक घरगुती चाचणी सांगतो. ब्लॉक कडक उन्हात तीन-चार दिवस वाळवून वजन करा, मग चोवीस तास पाण्यात बुडवून, पुसून परत वजन करा. मानकात पाणी शोषण्याची सरासरी मर्यादा वजनाच्या ६ टक्के आहे. चार किलोच्या ब्लॉकने २४० ग्रॅमपेक्षा बरेच जास्त पाणी घेतले तर तो माल नाकारावा. वजनकाटा घरी नसला तर डेअरीत असतो.

नवीन ब्लॉकवर पांढरी बुरशीसारखी झाक दिसते. ती सिमेंटमधल्या चुन्याची असते आणि पावसाने जाते. क्षारपड गावात मात्र खालून मीठ चढते, त्याने ब्लॉकचा वरचा पापुद्रा सुटतो. तिथे पायाखालचा निचराच सुधारावा लागतो.

वाळूच्या थरासाठी नदीची भरड वाळू किंवा धुतलेली क्रश सँड घ्यावी. नुसती कच वापरू नये, तिच्यातली पिठासारखी भुकटी पाणी धरून ठेवते आणि चाकाखाली चिखल होऊन सांध्यातून वर येते. बाटलीत मूठभर वाळू आणि पाणी घालून हलवून ठेवले की गाळाचा थर किती येतो ते दिसते. ठिबकसाठी आणलेले ४० मिलिमीटरचे पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे खडीवर समांतर ठेवा, मध्ये वाळू पसरा आणि सरळ फळी पाइपवरून ओढा. एकसारखा थर मिळतो, दाबल्यावर तो सव्वा इंचावर येतो. पाइप काढून त्यांच्या खाचा भरा. या थरावर पाय देऊ नये. मांडलेल्या ब्लॉकवर उभे राहून पुढे सरकत जावे.

मांडणी माशाच्या काट्यासारखी आडवी-तिरपी करावी. सरळ ओळीत मांडलेले ब्लॉक ब्रेक लावताना आणि वळताना ओळीने सरकतात, काट्याच्या मांडणीत प्रत्येक ब्लॉक दुसऱ्याला अडवतो. सांधा दोन ते चार मिलिमीटर. पहिली ओळ दोरीला आणि गुण्याला बसली की पुढचे काम आपोआप सरळ जाते. ब्लॉक इच्छित पातळीच्या दोन-तीन सूत वर ठेवावेत, कारण व्हायब्रेटरखाली ते तेवढे बसतात. मग कोरडी बारीक वाळू झाडूने सांध्यात भरायची, व्हायब्रेटर फिरवायचा, पुन्हा भरायची. सांधे गच्च झाले की त्याच दिवशी ट्रॅक्टर आत घेता येतो.

आता ज्यांना मोठी फरशी हवीच आहे त्यांच्यासाठी. घरातल्या मंडळींनी पसंत केलेली असते, आणि त्यात गैर काही नाही. जागेचे दोन भाग करा. चाकांच्या वाटेला छोटे ब्लॉक आणि ओसरीपुढे, तुळशीभोवती, जिथे माणसे चालतात व बसतात तिथे मोठ्या फरश्या. दोहोंमध्ये काँक्रीटची कड असू द्या आणि ट्रॅक्टर चुकूनही पलीकडे जाणार नाही अशी कुंडी किंवा दगड ठेवा. मोठी फरशी वाळूवर बसवताना तिची चारही कोपरे आणि मध्य टेकला पाहिजे. रबरी हातोड्याने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर उचलून पुन्हा बसवा. व्हायब्रेटर लावायचा तर खाली रबरी चटई हवी, नाहीतर कोपरे उडतात. आणि पृष्ठभाग खरबरीत घ्या. शेणपाण्याने ओल्या झालेल्या गुळगुळीत फरशीवर गाभण म्हैस घसरली तर जे नुकसान होते ते कोणत्याही फरशीच्या किमतीत बसत नाही. जनावरांच्या वाटेवर गुळगुळीत फरशी कोणत्याही मापाची नको.

एक पद्धत आपल्याकडे फार चालते. मुरमावर सिमेंट-वाळूचा कोरडा माल पसरायचा, त्यावर फरशी ठेवायची आणि सांधे सिमेंटने भरायचे. हे ना धड काँक्रीट, ना धड वाळूवरची फरशी. खालची जमीन हलली की ते पत्र्यासारखे तडकते आणि उचलून परत वापरताही येत नाही. पातळ चिनी मातीची किंवा दगडी फरशी वापरायची असेल तर खाली चार-पाच इंच काँक्रीट आणि त्याला दर दहा फुटांवर सांधा द्यावाच लागतो.

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठच्या ज्या गावांत पाणी शिरले, तिथल्या मंडळींसाठी दोन शब्द. पूर ओसरल्यावर अंगण वरून कोरडे दिसते, पण खालचा पाया भिजलेला असतो. तेव्हा भरलेले वाहन लगेच आत घेऊ नये, निदान आठ-दहा दिवस थांबावे. गाळ सुकण्याआधी धुऊन काढावा. कडेने वाळू वाहून गेली आहे का ते पाहावे, आणि जिथे ब्लॉक पायाखाली डुगडुगतात तेवढाच भाग उचलून, वाळू भरून, तेच ब्लॉक परत बसवावेत.

एरवी वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सुमारास, सांध्यातली वाळू भरून काढावी आणि हराळी मुळासकट उपटावी. ब्लॉक घेताना लागतात त्यापेक्षा शेकडा पाच जास्त घ्या. काही कापणीत जातील, उरलेले गोठ्याच्या आडोशाला न ठेवता उघड्यावर रचून ठेवा, म्हणजे त्यांचाही रंग अंगणातल्या ब्लॉकबरोबरच उतरेल आणि चार वर्षांनी एखादा बदलताना ठिगळ दिसणार नाही.